नवी सर्फ स्की घेण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची डोंबिवलीची, गेली बरीच वर्षं पर्थमध्ये आहे. आठवड्यातून तीनदा पहाटे स्वान नदीवर आणि उन्हाळ्यात जमेल तेव्हा समुद्रात सर्फ स्की चालवते. शर्यतीत कायम मधल्या घोळक्यात असते, त्यामुळे पदकं मिळवणाऱ्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. मात्र बोट निवडताना जे घोळ होऊ शकतात ते बहुतेक सगळे मी घालून झाले आहेत. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक विचारत असतात. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे.

सर्फ स्की म्हणजे कयाकच ना?

भावकीतलीच. कयाकमध्ये आत शिरून बसायचं असतं, स्कीवर वरच्या वर, खोलगट आसनात. लांब, अरुंद, वरून उघडी बोट, पायांनी चालणारं सुकाणू, आणि आत आलेलं पाणी तळाच्या झडपेतून बाहेर. उलटली तर आत अडकायची भीती नाही, कारण त्याआधीच तुम्ही पाण्यात असता. पंचाईत होते ती परत चढताना.

ही आली कुठून?

ऑस्ट्रेलियातून. १९१२ च्या सुमारास न्यू साउथ वेल्समध्ये पोर्ट मॅक्वारीजवळ हॅरी मॅकलॅरन आणि त्याचा भाऊ जॅक यांनी घरच्या कालवांच्या शेतीवर फिरायला असली फळी वापरली. पुढे समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवरक्षकांनी ती उचलली. आजच्या शर्यतीच्या बोटी मात्र दक्षिण आफ्रिका, हवाई आणि ऑस्ट्रेलिया या तीन किनाऱ्यांवर घडत गेल्या.

नवशिक्या, मधल्या, तरबेज असे प्रकार सांगतात. ते ठरतं कशावर?

मुख्यतः रुंदीवर. बाकी सगळं त्याच्या मागून येतं. एपिक कंपनीच्या बोटी उदाहरणाला सोयीच्या. त्यांची व्ही-८ सुमारे ५.५ मीटर लांब आणि ५६ सेंटीमीटर रुंद. वरच्या टोकाची व्ही-१२ सुमारे ६.४ मीटर लांब, पण रुंदी ४३ सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे लांबी दोन हात वाढली आणि रुंदी अर्ध्याहून जास्त वीत कमी झाली. कागदावर १३ सेंटीमीटर काहीच वाटत नाहीत. पाण्यावर तो फरक चौरंगावर बसणं आणि कुंपणाच्या भिंतीवर बसणं एवढा असतो. या दोन टोकांच्या मधे ४५ ते ५० सेंटीमीटरच्या बोटी येतात आणि आपल्यापैकी बहुतेकांचं आयुष्य तिथेच जातं, जायला हवं.

रुंदीचा आकडा पण पूर्ण खरं सांगत नाही. तळ गोल आहे की थोडा चपटा, आसन पाण्यापासून किती वर आहे, रुंद भाग कमरेपाशी आहे की पुढे, यावर एकाच रुंदीच्या दोन बोटी अगदी वेगळ्या वागतात. म्हणून तर चालवून बघायची.

शेवटी वेगवान बोटच लागणार असेल तर सुरुवातीलाच का घेऊ नये?

मी घेतली होती. ४३ सेंटीमीटरची, चकचकीत, काळ्या कार्बनची. विक्रेत्याने नदीत २० मिनिटं चालवू दिली. पाणी आरशासारखं, वारा नाही, मी पडले नाही. तो म्हणाला, "महिन्याभरात सवय होईल." मला ते ऐकायचंच होतं.

पहिल्याच शनिवारी समुद्रात गेले. किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर बाजूने बारीक लाट यायला लागली. बोट उलटली. चढले. दहा वल्ही मारली, उलटली. चढले. चौथ्यांदा चढताना दंडात ताकद उरली नव्हती. आमच्या गटातले सत्तरीचे एक गृहस्थ त्यांच्या रुंद, ओरखडे पडलेल्या स्कीवर मागे वळून आले, माझी बोट धरून बसले आणि म्हणाले, "सावकाश." त्यांना त्या दिवशी सगळ्यांनी मागे टाकायला हवं होतं, पण ते आमच्या निम्म्या लोकांच्या आधी पोचले असते, माझ्यासाठी थांबले नसते तर. वर्षभर मी ती बोट ओढली आणि नंतर पडत्या भावात विकली.

डोलणाऱ्या बोटीत ताकदीचा मोठा वाटा नुसतं बसून राहण्यात जातो. कंबर आखडते, धड वळत नाही, वल्हं पाण्यात रुतायच्या आधीच आधाराला आडवं होतं. हवाईतली मोलोकाईची समुद्रशर्यत बारा वेळा जिंकलेले ऑस्कर चालुप्स्की गेली कित्येक वर्षं नवख्यांना हेच सांगतात की आधी स्थिर बसता येईल अशी बोट, कौशल्य त्यानंतर. त्यांनी बारावी मोलोकाई २०१२ मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी जिंकली. ऐकावं त्यांचं.

डेमोला बोट १५-२० मिनिटंच मिळते. तेवढ्यात काय बघायचं?

वेग बघायचा नाही. घड्याळ गाडीत ठेवा.

आधी किनाऱ्यावर, कोरड्या वाळूवर बसा. आसनात ढुंगण नीट बसतं का? दोन्ही बाजूंना हाताचं बोट सरकेल एवढी जागा असावी. त्याहून जास्त सैल असेल तर बोट डोलली तरी तुम्हाला उशिरा कळेल, घट्ट असेल तर अर्ध्या तासाने पाय बधिर. माझी बांधणी लहान. बहुतेक आसनं ऐंशी किलोच्या पुरुषासाठी बनवल्यासारखी असतात, त्यामुळे मी फोमच्या पट्ट्या सोबतच नेते. मग पोटऱ्यांखालचा उंचवटा बघा. तो फार उंच असेल तर पाय दाबून धड वळवता येत नाही. पायपट्टी तुमच्या मापाला सरकवून घ्या, "असंच चालवून बघा" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. दोन खाचांचा फरक पडला तरी सगळी बोट वाईट वाटू शकते.

पाण्यात उतरल्यावर पहिली पाच मिनिटं विसरून जा. नवी बोट प्रत्येकालाच डोलरी वाटते. त्यानंतर मी चार गोष्टी करते. थांबून वल्हं मांडीवर ठेवते, दोन्ही हातांनी बाटली उघडून पाणी पिते. मान वळवून मागे बघते, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. एखाद्या मोटरबोटीची लाट येत असेल तर मुद्दाम तिला आडवी होते. आणि शेवटी, कपडे भिजले तरी हरकत नाही, मुद्दाम पडून परत चढते. चढताना आसनाच्या कडा कुठे हाताला लागतात, बोट किती उलटी कलते, हे माहितीपत्रकात कधीच नसतं. मित्राची फार आवडलेली एक बोट मी याच कारणाने सोडली. कडा उंच होत्या, पाण्यातून अंग वर खेचताना दर वेळी ती माझ्याच अंगावर यायची.

मग दोन बोटींत वेगवान कोणती, हे कळतच नाही का?

कळतं, पण त्याला एक सकाळ द्यावी लागते आणि थोडा संशयी स्वभाव लागतो.

गणित असं. पाण्यात वेग वाढवायला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १ टक्का जास्त वेग हवा तर जवळपास ३ टक्के जास्त ताकद. ताशी १० किलोमीटरने जाणाऱ्या माणसाला १,००० मीटरला ६ मिनिटं लागतात, त्यात १ टक्का म्हणजे ३.६ सेकंद. सारख्या वर्गातल्या दोन चांगल्या बोटींमधला फरक बहुधा याच घरातला असतो. आणि तुमची रात्रीची झोप, सकाळचा चहा, वाऱ्याची एक झुळूक, यांनी पडणारा फरक त्याहून मोठा.

त्यामुळे मी असं करते. दोन्ही बोटी एकाच सकाळी, एकाच पट्ट्यात, स्वतःच्या वल्ह्याने. क्रम अ, ब, ब, अ. तोच क्रम का? दुसरी बोट चालवताना तुम्ही आधीच दमलेले असता आणि वाराही बहुधा वाढलेला असतो. उलट क्रमाने परत आलं की तो अन्याय बराचसा फिटतो. प्रत्येक वेळी जाऊन-येऊन मोजायचं, म्हणजे प्रवाह एकाच बोटीला फुकट मदत करत नाही. सुरुवात थांबलेल्या बोटीने नाही, चालत्या बोटीने. नाडीचा ठोका घड्याळावर ठरवलेल्या मर्यादेत ठेवायचा, आणि वेगाचा आकडा झाकून टाकायचा. मी त्यावर इलेक्ट्रिकची काळी टेप लावते. आकडा दिसला की आवडत्या बोटीत हात आपोआप जोर लावतात, मग कितीही प्रामाणिक असा.

पाण्याची खोलीही सारखी हवी. दीड-दोन मीटरहून उथळ पाण्यात बोट मागून कोणी धरल्यासारखी जड होते. पॉइंट वॉल्टरच्या वाळूच्या पट्ट्याजवळ हे अनेकांना समजत नाही आणि ते बोटीला शिव्या देतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकाच बोटीच्या दोन फेऱ्यांमधला फरक आधी बघा. एकदा माझ्या 'अ' च्या फेऱ्या ६:०२ आणि ६:०९ आल्या, 'ब' च्या ६:०४ आणि ६:०५. अशा वेळी 'अ' वेगवान की 'ब', याचं उत्तर "माहीत नाही" एवढंच आहे. तरी पार्किंगमध्ये त्यावर अर्धा तास वाद झालाच.

लांब बोट वेगवान, हे खरं ना?

अर्धं. बोट चालते तेव्हा तिची स्वतःची लाट उठते, आणि पाण्यातली लांबी जितकी जास्त तितका त्या लाटेचा अडसर उशिरा सुरू होतो. जुन्या ढोबळ सूत्राने साडेपाच मीटरच्या बोटीला हा अडसर ताशी साडेदहा किलोमीटरच्या आसपास जाणवतो, ६.४ मीटरच्या बोटीला साडेअकराच्या आसपास. स्कीसारख्या सडपातळ बोटी हे सूत्र काटेकोर पाळत नाहीत, तरी कल्पना येते.

पण त्याहून कमी वेगात खरा शत्रू असतो तो पाण्याचं तळाशी घासणं, आणि लांब बोटीचा पाण्याला लागणारा पृष्ठभाग जास्त. तुम्ही तास-दीड तास साडेनऊच्या वेगाने जात असाल तर ६.४ मीटरची बोट तुम्हाला जो फायदा देऊ करते तो तुम्ही घेऊच शकत नाही, घासण्याची किंमत तेवढी भरता.

लाटांमध्ये आखूड बोटीचा आणखी एक फायदा होतो, ती दोन लाटांच्या खळग्यात नीट मावते आणि चटकन वळते. पोर्तुगालच्या नेलो कंपनीच्या स्कींची नावंच लांबीवरून आहेत: ५१०, ५२०, ५५०, ५६०, म्हणजे ५.१ ते ५.६ मीटर. सहा मीटरखालच्या बोटी आधी लोकांनी हसण्यावारी नेल्या, आता कोणी हसत नाही.

नदीत चांगली वाटलेली बोट समुद्रातही चांगली असेल?

मुळीच धरून चालू नका. माझ्या मते इथेच निम्मे लोक फसतात.

पर्थचं उदाहरण देते. उन्हाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून येतो. दुपारी खारा वारा सुटतो, नैर्ऋत्येकडून, आणि तो इतका भरवशाचा आहे की त्याला 'फ्रीमँटल डॉक्टर' असं नावच आहे. त्याच्या जोरावर रॉटनेस्ट बेटापासून सोरेंटोपर्यंत सुमारे २७ किलोमीटरची 'द डॉक्टर' ही शर्यत होते. केप टाउनला मिलर्स पॉइंटहून फिश हूककडे जाणारी अशीच धाव प्रसिद्ध आहे, तिथे आग्नेयेचा वारा. वारा पाठीशी घेऊन लाटेवरून लाटेवर घसरत जायचं, यालाच डाउनविंड म्हणतात, आणि सर्फ स्की खरी त्याच्यासाठी.

डाउनविंडमध्ये सपाट पाण्यातली सेकंदं निरुपयोगी. तिथे मी हे बघते: लाट मागून उचलायला लागली की तीन-चार जोरदार वल्ह्यांत बोट तिच्यावर चढते का, की आठ-दहा लागतात? उतारावरून खाली जाताना नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पुढच्या लाटेच्या पाठीत घुसते का? घुसली तर वर येते, की पाणी मांडीवर घेऊन येते? लाट तिरकी आली तर सुकाणू ऐकतं का, की बोट आपल्या मनाने आडवी होते? आणि दहा मिनिटांत मी वल्हं आधारासाठी किती वेळा आपटलं? हे शेवटचं तर चक्क मोजते. एकदा एका बोटीत ते एकोणीस झालं आणि दुसरीत सात. सातवाली नदीत संथ वाटली होती. घेतली तीच.

लाटा दर दहा मिनिटांनी बदलतात, म्हणून एकट्याने आज एक बोट आणि उद्या दुसरी, याला अर्थ नाही. साधारण आपल्याच तोडीचा जोडीदार घ्या, शेजारी शेजारी जा, मधे किनाऱ्याला लागून बोटी बदला. पहिल्या टप्प्यात जो पुढे होता तो बदलल्यावरही पुढेच राहिला तर फरक माणसाचा.

सुकाणूमुळे एवढा फरक पडतो?

पडतो, आणि बोट बदलण्यापेक्षा ते बदलणं फार स्वस्त. डेमोच्या बोटीला बहुधा मधल्या मापाचं पातं असतं. सपाट पाण्यात लहान पातं कमी ओढ देतं, मोठ्या लाटांत खोल आणि मोठं पातं लागतं, नाहीतर लाटेच्या माथ्यावर सुकाणू हवेत आणि तुम्ही देवाच्या हवाली. दोन बोटींची तुलना करताना दोन्हींना निरनिराळ्या मापाची पाती असतील तर तुम्ही बोटींची नाही, पात्यांची तुलना करताय.

कार्बनसाठी एवढे पैसे मोजावेत का?

तीच बोट फायबरग्लासमध्ये १६-१७ किलो भरत असेल तर महागड्या कार्बनमध्ये १०-११ किलोवर येते. प्लास्टिकची २० च्या वर. गाडीवर एकटीने चढवताना हे सहा किलो फार जाणवतात, माझ्यासाठी कार्बनचं खरं कारण तेच. लाटेवर झटकन वेग घेताना थोडा फायदा होतो, एकसुरी वल्हवताना कमी. उलट, पातळ कार्बनला खडकाचा एक धक्काही महाग पडतो. पहिली बोट असेल तर जाड घ्या, उरलेल्या पैशात चांगलं वल्हं येईल.

वल्हं स्वतःचंच न्यावं?

हो. अनोळखी बोट आणि अनोळखी वल्हं एकत्र आलं की दोष कोणाचा ते कळत नाही.

माझं वजन ५५ किलो आहे. मोठ्या माणसाने केलेली शिफारस मला लागू पडेल?

थोडी. हलक्या माणसाखाली बोट पाण्यावर उंच तरंगते, म्हणून जास्त डोलते आणि आडव्या वाऱ्यात नाळ भरकटते. ९० किलोच्या माणसाला जी "अगदी स्थिर" ती आपल्याला तशी नसेलही. याच्या उलट, जड माणूस लहान बोटीत बसला तर आसनात सतत पाणी. कोणीही बोटीची तारीफ केली की मी तीन गोष्टी विचारते: वजन किती, कुठल्या पाण्यात चालवली, आणि बोट विकत घेतली की कंपनीने दिली. तिसऱ्या प्रश्नाला लोक जरा थांबून उत्तर देतात.

आसनात पाणी साचतं, ते बोटीतला दोष आहे का?

झडप बोट चालत असतानाच पाणी ओढते. थांबलात की उलट थोडं आत येतं. लाट भरल्यावर पूर्ण जोराने वल्हवा आणि किती वेळात आसन रिकामं होतं ते बघा. घशातून गुळणी केल्यासारखा आवाज आला की रिकामं झालं. चढल्यावर भरलेल्या आसनासह बोट अजून डोलते, म्हणून हे महत्त्वाचं.

चाचणीच्या वेळी लाइफ जॅकेट, बोटीला बांधणारी पायाची दोरी हवीच? पाचच मिनिटं जायचंय.

हवीच. अनोळखी बोटीवरून पडायची शक्यता सगळ्यात जास्त, आणि वाऱ्यात मोकळी सुटलेली स्की पोहून पकडता येत नाही. कार्बनची रिकामी बोट वाऱ्यावर पानासारखी जाते. डेमोवाल्याने दोरी दिली नाही तर मी पाण्यात उतरत नाही.

कोकणात किंवा मुंबईजवळच्या खाडीत चालवायची असेल तर निवड वेगळी?

थोडी. खाडीत उथळ चिखल, डोल जाळी बांधायचे खुंट, जाळ्यांचे दोर. तळाखाली खोल गेलेलं पातं तिथे अडकणार. मागच्या टोकाला बसवलेलं, अडलं की वर उचललं जाणारं सुकाणू बघा. तळ जाड बांधणीचा हवा. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत सकाळी पाणी बऱ्यापैकी शांत, दुपारी वायव्येकडून वारा, त्यामुळे डाउनविंडची हौस दुपारी भागेल. पावसाळ्यात समुद्राकडे बघायचंही नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि कोळी लोक नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग होड्या लोटतात. अडचण आली तर मदतीला धावणारी होडी त्या काळात पाण्यात क्वचितच असते.

अख्खी सहा मीटरची बोट परदेशातून आणणं हे वेगळंच दुखणं आहे. काही कंपन्या तुकड्यांत जोडता येणारी स्की बनवतात. जोडाच्या जागी थोडं वजन वाढतं, पण इमारतीच्या जिन्यातून वर नेता येईल अशी दुसरी बोट मला माहीत नाही.

जुनी बोट घ्यावी का?

पहिली तर जुनीच घ्या. आसनाखालचा भाग आणि टाचा टेकतात ती जागा अंगठ्याने दाबा, मऊ लागली तर सोडा. नंतर बोट उचलून हलवा. आतून पाण्याचा खळखळाट आला तर आधी तडा कुठे आहे ते विचारा, किंमत मग.

आवडली, घेतली. ठेवायची कुठे?

हा प्रश्न कोणी आधी विचारत नाही. आमचं गॅरेज मोजून ५.८ मीटर. पहिली, ती ६.४ मीटरची काळी बोट घरी आणली तेव्हा गॅरेज आणि स्वयंपाकघरामधलं दार उघडं ठेवावं लागलं आणि नाळ फ्रिजशेजारी यायची. वर्षभर आम्ही फ्रिज अर्धाच उघडत होतो. आत्ताची ५.५ मीटरची आहे, तिच्यामागे एक सायकलसुद्धा मावते.